आईच्या मानेवरची शीर फुगलेली दिसते, पायही सुजतात. अशक्तपणा म्हणून सलाईन लावून घ्यावं का?

नका लावू. तेवढं आधी थांबवा, बाकीचं सावकाश वाचा.

तुम्ही लिहिलंय की आई ६२ वर्षांची आहे, महिनाभर संध्याकाळी पाय सुजतात, अंगण झाडलं तरी दम लागतो, आणि नुसती बसलेली असली तरी मानेच्या उजव्या बाजूला शीर टर्र दिसते. गावातले डॉक्टर म्हणाले, कमजोरी आहे, दोन बाटल्या लावू. मी यवतमाळ जिल्ह्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. ‘साहेब, बुढीले एक बाटल लावून द्या ना’ हे रोजचंच.

ती शीर म्हणजे जुगुलर. मानेच्या दोन्ही बाजूंना एक बाहेरची आणि एक आतली असते. बाहेरची कातडीखालीच, जबड्याच्या कोपऱ्यापासून कॉलर बोनकडे तिरकी उतरते. आतली जाड स्नायूखाली, कॅरॉटिड रोहिणीला (मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीला) खेटून. मेंदूकडून परतणारं रक्त आतलीतून छातीत उतरतं आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात जातं. उजव्या बाजूला ही वाट जवळजवळ सरळ असल्यामुळे त्या कप्प्यातला दाब वाढला की शिरेतलं रक्त वर चढतं. फवारणी पंपाच्या टाकीत औषध किती आहे ते बाहेरून दिसतं ना, तसंच.

बघायचं असं. आईला दोन-तीन उशांवर अर्धवट, साधारण ४५ अंशांत रेलून बसवा. हनुवटी किंचित डावीकडे. मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरा, मग कातडीवर सावली हलताना दिसेल. रोहिणी बोटाला ठोका देते. शीर देत नाही, नुसती लहरते, बहुधा एका ठोक्याला दोनदा, आणि मानेच्या बुडाशी हलकं बोट ठेवलं की ती लहर थांबते. आता गळ्याच्या खळगीपासून बोट खाली सरकवा; चार-पाच सेंटिमीटरवर छातीच्या हाडाला आडवा उंचवटा लागेल. लहर त्या उंचवट्याच्या पातळीपासून सरळ उभं मोजून ३ सेंटिमीटरपेक्षा वर दिसली तर दाब वाढलेला. आई ताठ बसूनही शीर भरलेली असेल, तर मोजायचीही गरज नाही.

सपाट झोपल्यावर शीर दिसणं मात्र साधं आहे. जोर लावतानाही तसंच. पोळ्याला तोरणाखाली ताणून झडती (पोळ्याचं लोकगीत) म्हणणाऱ्याची मान बघा, दोऱ्या ओढल्यासारखी दिसते. झडती संपली, श्वास घेतला, की गेली. उलट मे महिन्यात हगवणीने कोरडा पडलेला माणूस आडवा केला तरी शीर सापडत नाही. त्याला बाटली हवीच.

तुमच्या आईला नको, कारण तिच्या अंगात पाणी आधीच जास्त आहे असं ही सगळी लक्षणं म्हणतात. ५०० मिलीच्या नॉर्मल सलाईनमध्ये ४.५ ग्रॅम मीठ असतं, आणि ताकद शून्य. थकलेल्या हृदयावर अर्ध्या लिटरचं ओझं तेवढं वाढतं.

हे मी पुस्तकातून नाही, चुकीतून शिकलो. नोकरीचं पहिलं वर्ष, कापूस वेचणीचे दिवस, ओपीडीत ही गर्दी. एक आजी आली, ‘घाबरं होते, जीव नाही अंगात’. लुगड्याचा पदर गळ्याभोवती गुंडाळलेला. तो बाजूला करायला मला पाच सेकंद लागले असते. बाटली लावली. रात्री ती उठून बसली, बाजेची कड दोन्ही हातांनी धरून, तोंडाशी फेस. ऑक्सिजन, लघवीचं इंजेक्शन, मग १०८ ने जिल्ह्याला पाठवली. वाचली, पण ते तिचं नशीब. आता पदर बाजूला करायला सांगितल्याशिवाय मी स्टेथोस्कोप हातात घेत नाही.

कारण बरंच काही असू शकतं: हृदयाची झडप, जुना अटॅक, हृदयाभोवती साठलेलं पाणी. आपल्याकडच्या बायांमध्ये आणखी एक दिसतं. चाळीस वर्षं पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळक्या काड्यांच्या) चुलीचा धूर छातीत गेला की फुप्फुसं खराब होतात आणि त्यांच्यात रक्त ढकलता ढकलता उजवं हृदय थकतं. एक्स-रे, ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्याशिवाय कुठलं ते कळणार नाही. गंमत म्हणजे हे काहीही हाताशी नसताना, सव्वाशे वर्षांपूर्वी, जेम्स मॅकेन्झी नावाचा साधा जनरल प्रॅक्टिशनर इंग्लंडमधल्या बर्नलीत याच शिरेच्या लहरी कागदावर उतरवून हृदयाची बिघडलेली लय ओळखत होता. बर्नलीही कापसाचंच गाव, फक्त तिथे पिकत नव्हता, विणला जायचा.

एकाच बाजूची शीर दोरीसारखी कडक, दुखरी झाली, विशेषतः घसा सुजून ताप आल्यावर किंवा डायलिसिससाठी मानेत नळी घातल्यावर, तर आत गुठळी असू शकते. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना. चेहरा आणि दोन्ही हात सुजून मानेच्या शिरा न लहरता ठप्प भरलेल्या असतील, तरीही.

आईला उद्याच न्या. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्या बंद करू नका, पाकिटं सोबत घ्या. लोणचं-पापड आजपासून बंद. आणि ऑटोत मागच्या सीटवर आडवी करू नका. लोक मायेने तेच करतात आणि वाटेत दम वाढतो. पाठीला उशी देऊन बसवूनच न्या. रात्रीत दम वाढला तर सकाळची वाट न पाहता १०८.