प्लेट की तार? जबडा मोडलाय तर आधी दातांचं बघा

निपाणीच्या ताईंनी विचारलंय : धाकटा भाऊ मोटारसायकलवरून पडला, खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. डॉक्टर प्लेट घालायची म्हणतात. घरचे म्हणतात ऑपरेशन नको, तारेनं बांधून घ्या, नाहीतर हाडवैद्याकडे न्या.

ताई, आमच्या घरात दोन्ही झालंय. १९९४ साली खानापूर रस्त्यावर माझा जबडा मोडला, तेव्हा वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून सहा आठवडे ठेवले होते. दातांच्या फटीतून पातळ आंबील ओढायची, बोलायचं पाटीवर लिहून. आई रात्रभर तार कापायची कात्री उशाशी ठेवून जागी, कारण उलटी झाली आणि तोंड उघडलं नाही तर जीव गुदमरतो. २०१८ मध्ये पुतण्याला बेळगावात टायटॅनियमच्या प्लेटा घातल्या. चौथ्या दिवशी तो बोलत घरी आला.

म्हणून माझं मत प्लेटच. हाडवैद्याला मी कमी लेखत नाही, हातापायाला त्यांचा गुण आलेला पाहिलाय. पण दात असलेल्या भागात जबडा मोडला की ती जखम बहुधा तोंडात उघडी होते, लाळ आत जाते. बाहेरून पट्टी बांधून ते भागत नाही.

आता खरी गोष्ट. हात थोडा वाकडा जुळला तरी माणूस काम करतो. जबडा केसभर सरकला तरी घास चावताना कळतं. म्हणून ऑपरेशनमध्ये आधी वरचे-खालचे दात नीट बसवून बांधतात, मग मोडलेल्या जागी प्लेट स्क्रूनं बसवतात, मग दात सोडून चावा तपासतात. प्लेट जसं बसवलं तसंच धरून ठेवते, चुकलेलं असेल तर तेही. म्हणून भावाचा अपघाताआधीचा, दात दिसतील असा हसरा फोटो डॉक्टरांना दाखवा. त्याचे दात आधीपासून पुढे किंवा वाकडे असतील तर तेही सांगा.

प्लेट लहानच असते. फ्रान्समधल्या शाँपी यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की चावताना हाड जिथं ताणलं जातं तिथंच प्लेट लावली तर पातळ पट्टी पुरते. स्क्रू हाडाच्या फक्त बाहेरच्या थरात जातात. दातांची मुळं आणि खालच्या ओठाला जाण देणारी आतली शीर वाचवायची असते. हनुवटीजवळ जबडा पिळला जातो, तिथं बहुतेक वेळा दोन प्लेटा. मागच्या कोपऱ्यात बऱ्याचदा एक. चीर बहुधा तोंडाच्या आतूनच, चेहऱ्यावर व्रण नाही. त्रास नसेल तर प्लेट पुन्हा काढायलाही लागत नाही.

डॉक्टरांना दोन गोष्टी आवर्जून विचारा. हनुवटीवर आपटला असेल तर कानापुढचा सांधा मोडलाय का? तो कधी कधी नजरेतून सुटतो. आणि खालचा ओठ आत्ताच बधिर आहे का, हे ऑपरेशनआधी तपासून लिहून घ्यायला सांगा. शिरेला मार बऱ्याचदा अपघातातच लागलेला असतो, नंतर घरचे डॉक्टरांना दोष देत बसतात.

संमतीचा कागद कन्नडमध्ये असेल तर वाचून समजावून देणारा माणूस बरोबर न्या. सही घाईत करू नका. दोन-चार दिवस गेले म्हणून घाबरायचं कारण नाही, पण आठवडे घालवू नका.

प्लेट घातली म्हणजे भाकरी चावायची मोकळीक नाही, हे त्याला बजावा. पुतण्यानं पंधराव्या दिवशी शेंगदाणे खाल्ले आणि पुन्हा सूज आली. चार ते सहा आठवडे मऊच : हुलग्याचं माडगं, डाळ-भात कालवून, अंडं, दूध. प्रत्येक खाण्यानंतर मिठाच्या पाण्यानं चूळ. आणि बिडी-तंबाखू पूर्ण बंद. आपल्याकडं हे सांगणं अवघड जातं, निपाणीत तर घरातच तंबाखू. पण जखम चिघळायला आणि हाड उशिरा जुळायला हे मोठं कारण आहे.

घरी आल्यावर रोज आरशात बघू द्या, दात पूर्वीसारखे बसतात का. एका बाजूला आधी टेकतात असं वाटलं, किंवा पू, ताप, घाण चव आली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.