विंडसरला घर, डेट्रॉइटला नोकरी: एकच दिवस तीन हिशेबांत

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी: भारतीय पासपोर्ट, डेट्रॉइटशेजारच्या डिअरबॉर्नला एच-वन-बीवर (अमेरिकेच्या कामाच्या व्हिसावर) नोकरी, कॅनडाचं पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) नुकतंच हातात आलंय, आणि ग्रीन कार्डाची रांग बघून बिऱ्हाड डेट्रॉइटसमोर नदीपलीकडे, कॅनडातल्या विंडसरला हलवायचा विचार चाललाय. हे कायद्यात बसतं का आणि परवडतं का, असं विचारलंत. बसतं. मी २०१६ पासून रोज नदी ओलांडतोय, आधी एच-वन-बीवर आणि कॅनडाचं नागरिकत्व मिळाल्यावर टीएनवर, म्हणजे कॅनडाच्या नागरिकांना अमेरिकेत मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर. परवडण्याचं मात्र सविस्तर सांगावं लागेल.

रात्री तुम्ही कुठे झोपता याच्याशी एच-वन-बीला घेणंदेणं नाही. काम कुठे करता याच्याशी आहे. कंपनीने अमेरिकेच्या श्रम खात्याला जी जागा कळवली आहे, तिथे जाऊन काम करायचं. त्यामुळे "आठवड्यातले दोन दिवस विंडसरच्या घरूनच करतो" असं परस्पर ठरवू नका. ते काम कॅनडात केलेलं काम ठरतं आणि कंपनीच्या गळ्यात तिथल्या पगारपत्रकाचे नियम येऊ शकतात. माझ्या कंपनीने साफ नकार दिला होता. मला तेव्हा राग आला, पण त्यांचं बरोबर होतं.

आता मुख्य मुद्दा, दिवस मोजण्याचा. एक साधा मंगळवार घ्या. सकाळी सातला बोगद्यातून डेट्रॉइट, संध्याकाळी सहाला घरी. कॅनडाच्या हिशेबात हा दिवस कॅनडातला. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस लागतात, नागरिकत्वाला १,०९५, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परतलात तर गैरहजेरी लागत नाही. एच-वन-बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेत मात्र तोच मंगळवार अमेरिकेत खर्च झाला, कारण परत मागता येतात ते फक्त पूर्ण चोवीस तास देशाबाहेर काढलेले दिवस. ये-जा करणाऱ्यांना या मर्यादेतून सूट आहे, पण ती अर्धवेळ नोकरीला. आपल्यासारख्या पूर्णवेळवाल्यांना नाही. आणि अमेरिकेच्या कर खात्याच्या लेखी हा मंगळवार अमेरिकेत मोजलाच जात नाही! कामाच्या ७५ टक्क्यांहून जास्त दिवशी तुम्ही कॅनडातल्या घरून ये-जा करत असाल, तर ते दिवस रहिवासाच्या चाचणीतून वगळतात. म्हणून कराचं रिटर्न अनिवासी म्हणून, १०४०-एनआर या फॉर्मवर.

यात तुमच्या पदरात काय पडतं? शनिवार-रविवार. वर्षाला १०४ धरले तरी सहा वर्षांत ६२४ पूर्ण दिवस होतात, म्हणजे दीड वर्षाहून जास्त मुदत परत मागता येते. पण पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो. पहिल्या दिवसापासून वही ठेवा: तारीख, पूल की बोगदा, गेल्याची वेळ, आल्याची वेळ. टोलच्या पावत्या जपा. माझ्या वकिलाने कंपनीच्या अर्जाला हीच वही जोडली होती.

कराचं मी स्वतः भोगलंय. कॅनडात राहता म्हणजे जगभरच्या उत्पन्नावर कॅनडात कर. पगारातून अमेरिकेचा केंद्रीय कर, मिशिगनचा ४.२५ टक्के आणि काम डेट्रॉइट शहरात असेल तर शहराचा १.२ टक्के कापला जातो. त्याचं श्रेय कॅनडात मिळतं, पण ऑन्टॅरिओचा दर धरून कॅनडाचा कर सहसा जास्त निघतो आणि तो फरक पगारातून कोणी कापत नाही. पहिल्या वर्षी ३० एप्रिलच्या आत तो एकरकमी भरायला मला मुलीच्या नावची ठेव मोडावी लागली. तेव्हा दर पगाराला थोडी रक्कम बाजूला टाकत चला. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून कॅनडाचं कर खातं तिमाही हप्ते मागतंच. आणि ४०१-के मध्ये (कंपनीच्या निवृत्ती-बचत खात्यात) पैसे टाकत असाल तर आरसी२६८ हा फॉर्म विसरू नका. खास सीमेपलीकडे ये-जा करणाऱ्यांसाठी असलेल्या या फॉर्ममुळे ती रक्कम कॅनडातही वजा होते. मला हे दोन वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

पीआर असलं तरी अमेरिकेत शिरताना पासपोर्टवर व्हिसाचा स्टॅम्प लागतोच. सप्टेंबर २०२५ पासून व्हिसाचा अर्ज नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातूनच करा, असं अमेरिकेचं सांगणं आहे. तुमचं वास्तव्य कॅनडात असेल, म्हणजे स्टॅम्पिंगसाठी भारतवारी नको. पण २१ सप्टेंबर २०२५ पासून, अमेरिकेबाहेर असलेल्या आणि वैध एच-वन-बी व्हिसा नसलेल्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर १,००,००० डॉलरची रक्कम लागू झाली. नोकरी बदलायची असेल किंवा स्टॅम्प संपत आला असेल, तर घर हलवण्याआधी वकिलाला नेमकं हेच विचारा. मला या सगळ्यात सर्वांत मोठा धोका हाच वाटतो.

रोजच्या जाण्यायेण्याचं म्हणाल तर सवय होते. डब्यात फळ असेल तर अधिकाऱ्याला आपणहून सांगायचं. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाली तेव्हाही कामावर जाणाऱ्यांना सोडत होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये आंदोलकांनी अँबॅसेडर पूल जवळपास आठवडाभर अडवला, तेव्हा बोगद्याने जात होतो. घर घेताना दोन्ही वाटा जवळ पडतील असं बघा.

मी हे का केलं, तर मुलीसाठी. प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग हलत नाही, आणि २१ पूर्ण झाल्यावर मूल आपल्या अर्जातून बाहेर पडू शकतं. आमची मुलगी इथे नागरिक म्हणून कॉलेजात गेली. भारताचं नागरिकत्व सोडताना घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नाही, हेही सांगतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, पण ते पासपोर्टासारखं नसतं.

टीएनला स्टॅम्प लागत नाही आणि सहा वर्षांची मर्यादाही नाही, पण ते फक्त नागरिकांना, पीआरवाल्यांना नाही. शिवाय व्यवसायांची यादी ठरलेली आहे. तुमचं पद नेमकं काय आहे, पदवी कशातली आहे आणि ग्रीन कार्डाचा अर्ज कुठवर आलाय, ते कळवा. अर्ज पुढे गेला असेल तर टीएनला अडचण येऊ शकते, मग क्रम वेगळा लावावा लागेल.