आधी नाव, मग सुरी

प्रिय डॉक्टर,

सोमवारच्या ओटी लिस्टवर, म्हणजे ऑपरेशनच्या यादीत, तुझ्या त्या पेशंटचं नाव चढलंय, पुढे ‘पेरिएनल ग्रॅन्युलोमा, एक्सिजन’, म्हणजे गुदाशेजारची सुजेची गाठ, काढून टाकणे, असं लिहिलंय, आणि सर म्हणतात, उरलंसुरलं काढून टाकू आणि एकेटी, टीबीची औषधं, सुरू करू. तुला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही, असं तू लिहितेस. मी सांगते. त्या गाठीचं नाव अजून कुणालाच माहीत नाही. आणि नाव कळल्याशिवाय सुरी लावायची नसते. माझ्या वॉर्डात हे ऐकून तू कंटाळली होतीस. आता पुन्हा ऐक.

गळू समजून दिलेल्या पहिल्या चिरेबद्दल सरांवर रागावू नकोस. गुदद्वाराशेजारी गाठ, बसता येत नाही, म्हणजे गळू, म्हणजे आय अँड डी, चीर देऊन पस काढणं, हा विचार कुणीही करील आणि जवळजवळ नेहमी तो बरोबरच निघतो. सॉफ्ट टिश्यू सार्कोमा, स्नायू-चरबीसारख्या मऊ ऊतींचा कॅन्सर, म्हणजे मोठ्या माणसांच्या कॅन्सरमधला जेमतेम एक टक्का. गुदाभोवतीचे तर त्यातलेही मोजकेच. चांगले चांगले सर्जन एकही न बघता रिटायर होतात. पण चीर दिल्यावर पस आला नाही, पांढुरकं मांसल काहीतरी आलं, तिथे थांबायला हवं होतं. ताप नव्हता, ठणका नव्हता, गाठ महिनोन् महिने वाढत होती, अँटिबायोटिकचे कोर्स होऊन गेले होते, आकार पाच सेंटिमीटरच्या वर आणि खोल. यातलं एकेक लक्षण किरकोळ आहे. सगळी एका माणसात भेटली की किरकोळ राहत नाहीत. तू कुणाला न विचारता त्यातला तुकडा तपासणीसाठी फॉर्मलिनमध्ये टाकलास. शाबासकी द्यायची नाही असं ठरवलं होतं, पण देते.

आता तो रिपोर्ट. ‘नेक्रोसिससह ग्रॅन्युलोमॅटस इन्फ्लमेशन, कॉक्स?’ म्हणजे मेलेल्या पेशींसह गाठाळ सूज, टीबी असेल का? विदर्भात एवढं वाचलं की हात आपोआप एकेटीकडे जातो. त्यात गैर काही नाही; गुदाभोवती टीबी होतो, क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा आजारही होतो. सार्कोमाच आहे असं मी म्हणत नाही. पण झेडएन आणि सीबीनॅट या टीबीच्या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह, एक्स-रे स्वच्छ, आणि गाठ घट्ट. अशा वेळी एपिथेलिऑइड सार्कोमा हा सार्कोमाचा दुर्मिळ प्रकार मनात आलाच पाहिजे. एन्झिंगर या पॅथॉलॉजिस्टने १९७० मध्ये त्याचं वर्णन केलं तेच मुळी ग्रॅन्युलोमाचं किंवा कार्सिनोमाचं सोंग घेणारा सार्कोमा म्हणून. तो बहुधा तरुणांच्या हाताबोटांवर होतो. १९९७ मध्ये त्याचा जास्त आक्रमक असा दुसरा प्रकार वेगळा ओळखला गेला. तो पेल्विस (ओटीपोटाचा तळ), जननेंद्रियं आणि पेरिनियम (गुद आणि जननेंद्रियांमधली जागा) इथे आढळतो. बहुतेक सार्कोमा रक्तातून फुप्फुसात जातात, हा लसीकाग्रंथींतही जातो, आणि या जागेच्या ग्रंथी जांघेत असतात. तिच्या जांघा चाचपल्यास का? मेसेजमध्ये उल्लेख नाही. लिहायचं राहिलं असेल, असं मी धरून चालते.

पॅथॉलॉजीत स्वतः जा. ‘पेरिएनल लम्प’ एवढेच दोन शब्द लिहिलेल्या फॉर्मवर समोरच्याने दुसरं काय म्हणावं? तिचं वय, गाठ किती दिवसांची, किती खोल, आत पस नव्हता, हे सगळं समोर बसून सांग. त्याच तुकड्याच्या मेणाच्या ब्लॉकवर सायटोकेराटिन आणि आयएनआय-वन या प्रथिनांच्या तपासण्या करून माग. त्या पेशींच्या केंद्रकातून आयएनआय-वन गायब असेल तर टीबीची गोष्ट तिथेच संपली.

नावावर माझा एवढा हट्ट का, ते सांगते. त्याच जागी, त्याच आकाराची, त्याच वयाच्या बाईची गाठ घे. ती रॅब्डोमायोसार्कोमा, स्नायूंचा एक सार्कोमा, निघाली, तर आधी केमो, व्हिन्क्रिस्टीन, ॲक्टिनोमायसिन, सायक्लोफॉस्फमाइड, सोबत रेडिएशन. सुरीची पाळी फार नंतर, कधी येतही नाही. लायोमायोसार्कोमा, आतड्यासारख्या अवयवांतल्या स्नायूंचा सार्कोमा, निघाला तर सुरी हाच मुख्य इलाज, पण मोठ्या मार्जिनने, म्हणजे भोवतालची चांगली कड घेऊन, आणि एकदाच. तोच दिसायला लायोमायोसार्कोमा, पण सीडी-११७ आणि डॉग-वन या तपासण्या पॉझिटिव्ह आल्या तर तो जिस्ट, पचनमार्गाच्या भिंतीतला वेगळाच ट्यूमर. २००२ पासून त्याला इमॅटिनिबची गोळी आहे. ती आधी देऊन गाठ लहान करता येते आणि कधी कधी स्फिंक्टर, शौच रोखणारा स्नायू, वाचतो. साधा स्क्वॅमस कार्सिनोमा, गुदद्वाराचा नेहमीचा कॅन्सर, निघाला तर बहुतेकदा ऑपरेशनच नको. निग्रो या अमेरिकन सर्जनने १९७४ मध्ये तीन पेशंट मांडले होते: केमो-रेडिएशननंतर दोघांचं ऑपरेशन केलं तर काढलेल्या भागात कॅन्सर सापडला नाही, तिसऱ्याने ऑपरेशनला नकारच दिला होता. त्याआधी अशा माणसाचं गुदद्वार सरळ काढत. आणि ॲग्रेसिव्ह अँजिओमिक्सोमा, मऊ ऊतींची आणखी एक गाठ? तो मूल होण्याच्या वयातल्या बायकांमध्ये होतो, बार्थोलिन सिस्ट किंवा हर्निया म्हणून कापला जातो, परत परत येतो, पण क्वचितच कुठे पसरतो. त्याच्यासाठी कुणाचं रेक्टम, गुदाशय, बळी द्यायचं नसतं, हार्मोनच्या औषधानेही तो आवरता येतो. एकाच जागेच्या या गाठी, आणि इलाज गोळीपासून पोटावरच्या शौचाच्या कायमच्या पिशवीपर्यंत. नाव माहीत नसताना तू सोमवारी यातलं कोणतं ऑपरेशन करणार आहेस?

तर क्रम असा. पेल्विसचा एमआरआय, कॉन्ट्रास्टसह, आणि आता चीर पडलेली आहे हे रेडिऑलॉजिस्टला सांगून. नाहीतर तो सुजेलाच ट्यूमर समजेल. त्याला नेमकं विचार: एक्स्टर्नल स्फिंक्टर सुटा आहे का, लेव्हेटरला, पेल्विसच्या तळाच्या स्नायूला, चिकटलंय का, योनीच्या भिंतीत आहे का. ब्लॉकवर काम भागलं नाही तर ट्रू-कट, म्हणजे जाड सुईची बायॉप्सी, चार-सहा कोअर (बारीक तुकडे), मेलेल्या मध्यभागातून नको, जिवंत कडेतून. सुई पेरिनियमच्या त्वचेतून, जमलं तर जुन्या चिरेतूनच, म्हणजे पुढे तो मार्ग ट्यूमरसोबत काढता येईल. रेक्टममधून नाही, योनीतून नाही. मग छातीचा सीटी.

‘गाठ मोकळी आहे मॅडम, सहज सुटून येईल,’ असं कुणीतरी ओटीत म्हणेलच. सार्कोमा आपल्या संत्र्यासारखा सालीतून अलगद सुटतो, आणि तेव्हाच घाबरायचं असतं. ती साल ट्यूमरनेच दाबून बनवलेली असते, तिच्यात पेशी असतात, आणि तू ती आतच सोडून येतेस. मग पुढचा सर्जन कितीही निष्णात असो, त्याला मळलेलं मैदान मिळतं. हाताला सहज लागतंय म्हणून काढायचं नाही. नाव कळलं का? नाही ना? मग नाही.

हे काही माझं नागपुरी खूळ नाही. हेन्री मँकिन या अमेरिकन हाडांच्या सर्जनने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हाडांच्या आणि मऊ ऊतींच्या ट्यूमरचे ३२९ पेशंट तपासले. नुसत्या चुकीच्या बायॉप्सीपायी ४.५ टक्के माणसांचे अवयव विनाकारण कापावे लागले होते, आणि जिथे पुढचा इलाज व्हायचा तिथे बायॉप्सी न करता आधीच कुठेतरी केली गेली की गडबडी कितीतरी पट जास्त होत होत्या. १९९६ मध्ये त्यांनी पुन्हा मोजलं, फारसा फरक नव्हता. हा पेपर मी इतक्या लोकांच्या टेबलावर ठेवलाय की काहींनी मला टाळायला सुरुवात केली. टाळोत.

‘बाई अडेल आहे’ हे तूही ऐकलं असशील. भंडाऱ्याकडचा एक मुलगा यायचा, त्याचे वडील हात जोडून म्हणाले, ‘सुई नका लावू मॅडम, सुई लावली का पसरते म्हंतात. कापूनच टाका.’ मी म्हटलं, बायॉप्सीशिवाय कापणार नाही. ते गेले. ‘बिना ऑपरेशन मुळव्याध-भगंदर’ची पाटी लावलेल्या कुणाकडे काही महिने मलम लावत राहिले. परत आले तेव्हा छातीत पसरलं होतं. लोक म्हणाले, बाईंनी नीट समजावलं असतं तर थांबले असते. त्या ओपीडीत दारापर्यंत माणसं उभी होती. समजावायचं म्हणजे किती? नाव न कळता मी कापलं असतं तर काय वाचलं असतं? आजही तो माणूस समोर आला तर मी कापणार नाही. खुर्ची मात्र देईन.

खंत वेगळीच आहे. इतकी वर्षं मी माणसांशी भांडले, पण सर्जन, पॅथॉलॉजिस्ट, रेडिऑलॉजिस्ट, रेडिएशनवाले आणि केमोवाले आठवड्यातून एकदा एका टेबलाशी बसतील असं काही उभं केलं नाही. भांडण रिटायर होताना माझ्यासोबत घरी आलं. टेबल असतं तर ते तिथेच राहिलं असतं. तुला हे सोपं आहे: जामठ्याला एनसीआय हे कॅन्सर हॉस्पिटल आहे, मिहानला एम्स आहे. आमच्या वेळी अशा पेशंटला परळला टाटात पाठवायचं आणि राहायला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ता लिहून द्यायचा, एवढंच हातात होतं. अजूनही परळला जायची वेळ आली तर नातेवाइकाच्या हातात ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही दे. नुसता रिपोर्ट घेऊन गेलेला माणूस पुन्हा रेल्वेत बसतो.

तिच्याशी तूच बोल, सरांवर सोपवू नकोस. गडचिरोलीकडची बाई ही जागा नवऱ्यालाही दाखवत नाही; तिने तुला दाखवली. पिशवी लागेल का, हे ती विचारेलच. लागणारच असं सांगू नकोस, नाहीच असंही सांगू नकोस. सार्कोमात जास्त कापलं म्हणजे जास्त जगलं असं नसतं. अमेरिकेत १९८२ च्या सर्जन रोझेनबर्गच्या चाचणीत हात-पाय वाचवून रेडिएशन दिलेले आणि हात-पाय कापलेले सारखेच जगले. पेरिनियम म्हणजे पाय नव्हे, तिथे जखम भरता भरत नाही, फ्लॅप, दुसरीकडचं मांस-त्वचा आणून लावणं, लागतो. पण स्फिंक्टर वाचवता येईल का हा प्रश्न तरी विचारावा, एवढी हिंमत ती चाचणी देते. आणि समाजसेवा अधीक्षकांना आजच भेट, खर्चासाठीच्या सरकारी योजनेच्या कागदांना वेळ लागतो.

राहिले सर. ओटीत वाद घालू नकोस, तिथे कुणीच माघार घेत नाही. राउंडच्या आधी एकटे गाठ आणि म्हण, ‘सर, आयएनआय-वन मागितलंय, येईपर्यंत एमआरआय करून घेऊ का?’ तुझे सर हट्टी आहेत, वाईट नाहीत. ही कल्पना त्यांचीच होती असं त्यांना वाटलं तर वाटू दे. राउंडवर ते स्वतः म्हणाले की एमआरआयशिवाय घेणार नाही, तर तू मान डोलाव.

लिस्टवरून नाव निघालं की कळव. नाही निघालं तर रविवारी फोन कर, मीच त्यांच्याशी बोलेन, आणि मग आपल्या दोघींचं काय व्हायचं ते होऊ दे. ब्लॉक नंबर पाठव. आणि जांघेत काय लागलं ते लिही, सेंटिमीटरमध्ये.

तुझी,
मॅडम