इंग्रजीत 'इफ'च्या वाक्यात विल, वुड आणि वुड हॅव कधी वापरायचं?

इफच्या वाक्यांच्या प्रकारांचे फर्स्ट, सेकंड, थर्ड हे नंबर पाठ करत बसू नका. आधी बघा, गोष्ट अजून घडू शकते का.

दादरच्या पुलावर आहात, खाली फास्ट लागतेय. मिळेलही, चुकेलही. 'इफ आय मिस धिस ट्रेन, आय विल बी लेट.' इफच्या भागात साधा वर्तमानकाळ, विल फक्त पुढच्या भागात. 'इफ आय विल मिस' सर्रास ऐकू येतं, पण इथे ते चूकच.

गाडी गेली, आता हळहळ: 'इफ आय हॅड कॉट दॅट ट्रेन, आय वुड हॅव रीच्ड ऑन टाइम.'

खरी गोची मधल्या, म्हणजे नुसत्या कल्पनेच्या प्रकारात आहे. 'दादरला घर असतं तर चालत गेलो असतो' हे मराठीत आजच्याबद्दलही चालतं आणि गेल्या वर्षाबद्दलही. इंग्रजी ही सूट देत नाही. आजची कल्पना असेल तर 'इफ आय हॅड अ फ्लॅट इन दादर, आय वुड वॉक टू वर्क'. हॅड दिसतो भूतकाळी, पण बोलणं आजचंच. गेल्या वर्षाचं असेल तर 'इफ आय हॅड हॅड अ फ्लॅट, आय वुड हॅव वॉक्ड'. दोनदा हॅड बघून दचकू नका, तेच बरोबर आहे.

नेहमी घडणाऱ्या गोष्टीला दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ: 'इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.'

आजच्या कल्पनेत 'इफ आय वॉज' की 'इफ आय वेअर'? बोलताना दोन्ही चालतात, परीक्षेच्या पेपरात वेअर लिहा.