आजोबांच्या वहीतलं प्रश्नचिन्ह

प्रश्न : माझे आजोबा पोस्टात होते. जुन्या पेपरांतल्या चमत्कारिक बातम्या ते एका वहीत उतरवून ठेवत. त्यातली एक नोंद अशी : ‘फेब्रुवारी 1872. मुंबईच्या आकाशात विलक्षण उजेड. तारा बंद.’ पुढे मोठं प्रश्नचिन्ह. घरातली मुलं म्हणतात, तेव्हा जागा भरायला काहीही छापायचे. ताई, यात काही तथ्य असेल का?
*(एक वाचक, पंचवटी, नाशिक)*

उत्तर : दादा, ती वही आधी रद्दीच्या गठ्ठ्यापासून लांब ठेवा. आजोबांनी टिपलं ते खरं आहे.

तो दिवस होता रविवार, 4 फेब्रुवारी 1872. मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने 6 तारखेच्या अंकात छापलं, की रविवारी सूर्यास्तानंतर शहरातून ध्रुवीय प्रकाश अंधुकसा दिसला. हा उजेड एरवी नॉर्वे, आइसलँडकडे दिसतो आणि मुंबई तर विषुववृत्तापासून जेमतेम 19 अंशांवर. अविश्वास वाटणं साहजिकच आहे. पण त्याच बातमीत दुसरीही गोष्ट आहे. मुंबई ते एडन ही संदेश पाठवायची समुद्राखालची तार 1870 मध्ये टाकलेली, म्हणजे तशी नवीच. त्या दिवशी ती कित्येक तास धड चालेना.

नाशिकच्या एका वाचनालयात नियतकालिकांच्या विभागात मी 22 वर्षं काढली. अशी बातमी हाती आली की माझी नजर आधी या दुसऱ्या साक्षीदाराकडे जाते. आकाशात काय दिसलं याबद्दल माणसाची फसगत होऊ शकते. पण तारमास्तर आकाशाकडे बघत नव्हता, त्याच्यापुढे यंत्र होतं. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणांहून एकाच दिवशी तक्रार आली की मी ती बातमी बाजूला काढून ठेवायची.

त्या दिवशी काय झालं, हे आता बरंचसं कळलं आहे. सूर्यावर मोठा स्फोट होऊन विद्युतभारित कणांचा लोट पृथ्वीवर आदळला. त्यामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि हजारो किलोमीटर लांबीच्या तारेत आपोआप वीज खेळू लागते. तारमास्तरांचे संदेश त्या विजेत बुडून गेले. शेकडो किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा तांबूस उजेड मात्र खूप दक्षिणेकडूनही दिसू शकतो. त्या रात्री तो सुदानमधल्या खार्टूमलाही दिसला. 2023 मध्ये जपानचे हिसाशी हायाकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातून अशा 700 हून जास्त नोंदी गोळा करून सूर्यामुळे उठलेलं हे चुंबकीय वादळ किती मोठं होतं ते ताडलं. त्यांच्या पुराव्यांत मुंबईची ही बातमीसुद्धा आहे. दीडशे वर्षं जी ओळ लोकांनी गंमत म्हणून वाचली असेल, तीच शास्त्रज्ञांच्या कामाला आली. मला याचा फार आनंद होतो.

मुलांचंही अगदीच चुकत नाही. 1835 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ‘सन’ या पेपरने सहा लेख छापले. जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाला म्हणे दुर्बिणीतून चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसली. सगळं बनावट होतं. हर्शेल तेव्हा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला होते आणि जहाजाने जाऊन त्यांना विचारून यायचं तर महिने लागत. ज्याला विचारता येणार नाही असा एकच साक्षीदार, आणि बातमीत मात्र बारीकसारीक सगळं ठाऊक! अशी बातमी दिसली की मी सावध होते.

डोळ्यांना दिसलं ते एक आणि त्याचं सांगितलेलं कारण दुसरं. या दोन्हींची गल्लत करू नये, हे मी स्वतः शिकले 21 सप्टेंबर 1995 ला. गणपती दूध पितो म्हणून त्या गुरुवारी आमच्या घराजवळच्या देवळातही रांग लागली. मीही चमचा धरला. दूध कमी होताना मी पाहिलं, आणि ते आजही नाकारणार नाही. पुढे शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं, तेव्हा मूर्तीवरून खाली उतरणारा पातळ थर स्पष्ट दिसला. पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध ओढलं जात होतं आणि पांढऱ्या दगडावर पांढरं दूध कुणाच्या लक्षात येत नव्हतं. रांगेतले लोक खोटं बोलत नव्हते, म्हणून त्यांना कुणी वेडं म्हटलं की मला राग येतो.

वहीत आणखी काय आहे ते कळवा. मात्र प्रत्येक नोंदीसमोर पेपरचं नाव आणि तारीख आहे का, ते आधी बघा. नसेल तर 1840 पासून चालू असलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करून बघा.

प्रश्न : आमच्याकडे अधूनमधून तोफ उडाल्यासारखा आवाज होतो, तावदानं थरथरतात. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘गूढ आवाज’ एवढंच येतं.
*(एक वाचक, दिंडोरी)*

उत्तर : तुमच्या भागात दोन शक्यता आधी तपासाव्या लागतात. ओझर जवळ आहे. तिथल्या लढाऊ विमानाने आवाजाचा वेग ओलांडला की असाच दणका बसतो. दुसरी शक्यता भूगर्भाची. आपल्या कळवण, सुरगाणा, पेठ पट्ट्यात सौम्य धक्के बसतात आणि धक्का उथळ असला की जमिनीतून गडगडाटही ऐकू येतो. जमीन हलली असेल तर नाशिकला दिंडोरी रोडवरच्या ‘मेरी’ या सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थेतल्या भूकंपमापकावर नोंद सापडण्याची शक्यता असते.

या दोन्हींत न बसणारे आवाजही आहेत. एकोणिसाव्या शतकात बंगालमधल्या बारिसालला, म्हणजे आताच्या बांगलादेशात, समुद्राच्या दिशेने तोफांसारखे बार ऐकू येत. तेव्हा विमानं नव्हती. त्यांचं सर्वांना पटेल असं कारण अजून मिळालेलं नाही.

पुढच्या वेळी आवाज झाला की घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. दिशा लिहा, एक दणका की दोन, तावदानं आधी हलली की जमीन, तेही लिहा. शेजारच्या गावातल्या कुणालाही असंच लिहायला सांगा, पण एकमेकांना विचारायच्या आत. मग दोन्ही कागद माझ्याकडे पाठवा.