चिकन कच्चं मोजायचं की शिजवल्यावर?

तुमचा प्रश्न असा आहे की 200 ग्रॅम चिकन शिजल्यावर काट्यावर 150 च्या आसपास भरतं, मग डाएटच्या अ‍ॅपमध्ये कुठला आकडा टाकायचा?

जमेल तेव्हा कच्चंच मोजा. शिजलेलं मोजलं म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते शिजलेलं मोजून कच्च्याच्या नावाने नोंदवलं की. मी चार महिने नेमकं हेच करत होतो आणि वजन का हलत नाही म्हणून पोळी कमी कर, भात बंद कर, असं चालू होतं. चूक ताटात नव्हती, नोंदीत होती.

ते गेलेले 50 ग्रॅम म्हणजे मुख्यतः पाणी. कच्च्या चिकन ब्रेस्टमध्ये सुमारे 75 टक्के पाणीच असतं. आच लागली की स्नायूंचे तंतू आकसतात आणि ओलं फडकं पिळावं तसं ते पाणी बाहेर येतं. प्रोटीन जवळजवळ सगळं तुकड्यातच राहतं. म्हणून कातडी काढलेल्या कच्च्या ब्रेस्टमध्ये 100 ग्रॅमला सुमारे 120 कॅलरी आणि 22 ग्रॅम प्रोटीन धरतात, तर शिजलेल्यात 165 कॅलरी आणि 31 ग्रॅम. तुमचे कच्चे 200 ग्रॅम म्हणजे 240 कॅलरी आणि शिजून उरलेले 150 म्हणजे 247. अन्न तेच, हिशोबही तोच. पण तेच 150 ग्रॅम 'कच्चं' म्हणून टाकलेत तर अ‍ॅप 180 च दाखवणार. दिवसातून दोनदा असं झालं की सव्वाशेच्या वर कॅलरी पोटात जातात आणि वहीत येत नाहीत.

कच्च्याचा आग्रह एवढ्यासाठी, की पाणी किती उडेल ते दर वेळी वेगळं असतं. एकदा माझं एक किलो शिजून 740 ग्रॅम भरलं आणि पुढच्या खेपेला फोनवर बोलता बोलता गॅसवर जास्त वेळ राहिलं तर 650. अ‍ॅपमधला 'शिजलेलं' हा आकडा सरासरीचा, तुमच्या पातेल्याचा नव्हे.

घरात चौघांचं एकत्र शिजतं तेव्हा कच्चं वेगळं कसं मोजणार, हा खरा अडचणीचा भाग. त्यावर मी असं करतो. रिकाम्या पातेल्याचं वजन एकदाच घेऊन ठेवलंय. कच्चं चिकन मोजून शिजवायचं, मग भरलेलं पातेलं काट्यावर ठेवून रिकाम्याचं वजन वजा करायचं. समजा 1000 ग्रॅमचं 720 झालं आणि मी 180 ग्रॅम वाढून घेतलं, तर तो चौथा हिस्सा. म्हणून नोंद 250 ग्रॅम कच्च्याची. सुक्या प्रकाराला हे अगदी चोख बसतं. रस्सा असेल तर तुकडे चमच्याने काढून वेगळे मोजा, नाहीतर रश्श्याचं पाणीही मांसात धरलं जातं. तेल मात्र स्वतंत्र लिहा. एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 कॅलरी असतात आणि ती विसरणं कच्च्या-शिजलेल्याच्या घोळाइतकंच महागात पडतं.

हाडांसकट असेल तर जेवून झाल्यावर ताटातली हाडं मोजून वजा करायची. अशा वेळी नोंद 'शिजलेलं, हाडाविना' अशीच शोधा. फ्रोझन असेल तर बर्फ वितळवून, पाणी निथळून मगच काट्यावर ठेवा. पाकिटावरचे आकडे सहसा आतला माल जसा आहे तसे, म्हणजे कच्च्याचे असतात. शिजवलेल्याचे असतील तर तसं छापलेलं असतं.

बाहेर जेवताना अर्थात शिजलेलंच हातात येतं. तिथे बिनदिक्कत शिजलेल्याची नोंद निवडा.