आधी चहातली साखर मोज

चि. प्रिय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोमवारपासून गोड पूर्ण बंद, असं तुझ्या पत्रात वाचलं. माझं ऐक, एवढा कडक नेम धरू नकोस. असे नेम पहिल्याच बारशाला मोडतात आणि मग सगळंच सुटतं. संक्रांतीचा तिळगूळ, होळीची पुरणपोळी, पाडव्याचं श्रीखंड खुशाल खा. हे दिवस वर्षात मोजकेच येतात. चहा मात्र रोजचा, आधी त्याच्याकडे बघ.

एक सपाट चमचा साखर म्हणजे साधारण ४ ग्रॅम. दिवसाला चार कप आणि कपात दोन चमचे धरले तर झाली ३२ ग्रॅम. महिन्याला जवळजवळ किलोभर साखर नुसत्या चहातून पोटात जाते! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमपर्यंत, आणता आली तर आणखी बरं. तुझ्या ३२ ग्रॅममध्ये तर अजून चहासोबतची बिस्किटं धरलेलीच नाहीत.

एकदम बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरणार नाही. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी कर. जीभ हळूहळू सरावते, आणि मग जुना चहा पाकासारखा लागतो. घरी हे सोपं आहे, बाहेर अवघड. अमृततुल्यात साखर चहाबरोबरच उकळलेली असते, आणि ऑफिसातल्या मशीनच्या तयार पुडीतही बहुधा ती आधीच मिसळलेली असते. तिथे कटिंग घे, किंवा बिनसाखरेचा वेगळा करून माग. मागायला लाजू नकोस. नातेवाइकांकडे आधण ठेवायच्या आधीच सांगावं. कप हातात आल्यावर नको म्हटलं की यजमानांचं मन दुखतं.

गुळाचा चहा चालेल का, असं विचारलं आहेस. गुळात थोडं लोह आणि क्षार असतात, पण बाकी बहुतेक साखरच. मधाचंही तेच. आवडतो म्हणून पी, औषध समजून पिऊ नकोस.

पाकिटावरची घटकांची यादी वाचायची सवय लाव. जो पदार्थ वजनाने जास्त, तो यादीत आधी येतो. साखर दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर असेल तर पाकीट परत ठेव. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप हीसुद्धा साखरच. कोल्ड्रिंकचा ३३० मिलिलिटरचा एक कॅन म्हणजे जवळपास ३५ ग्रॅम साखर; तहानेला पाणी किंवा ताक पी. फळाचा रस काढू नकोस, फळ चावून खा.

तुझ्या बाबांना मधुमेह आहे, म्हणून मला तुझी जास्त काळजी वाटते. नुसत्या साखरेनेच मधुमेह होतो असं नाही, पण घरात तो असला की आपला धोका वाढतो, आणि वाढलेलं वजन त्यात भर घालतं. या महिन्यात एचबीएवनसीची, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणारी, तपासणी करून घे. तिला उपाशीपोटी जावं लागत नाही, त्यामुळे ऑफिसातून येता येताही होईल. रिपोर्ट डॉक्टरांना दाखव आणि मलाही कळव.

तुझी,
काकू